गर्भिणीचे त्वग्रोग : नामकरण, निदान व उपचार यांचा इतिहास

१. विषयाची व्याप्ती

गर्भावस्थेत स्त्रीच्या त्वचेत अनेक बदल घडून येतात. चेहऱ्यावर वांग उमटतात, नाभीपासून खाली काळसर रेषा दिसू लागते, उदर ताणले जाऊन त्यावर चिरा पडतात. हे बदल शरीरधर्मास अनुसरून होणारे असल्याने त्यांची चिंता करण्याचे कारण नसते. परंतु याच काळात उद्भवणारे काही मोजके त्वग्रोग असे आहेत की, ज्यांची ओळख वेळीच न पटल्यास मातेचे अथवा गर्भाचे जीवित धोक्यात येते. उलटपक्षी, निरुपद्रवी पुरळ भयंकर समजला गेल्यासही अनर्थ ओढवतो. कारण भयापोटी योजिलेला उपचार कधी कधी रोगाहून घातक ठरतो. या रोगांचा गेल्या सुमारे दीडशे वर्षांचा इतिहास म्हणजे या दोन प्रकारच्या चुका टाळण्याच्या प्रयत्नांचा इतिहास होय.

या विषयाचे भान आधुनिक वैद्यकातच प्रथम आले, असे मात्र म्हणता येणार नाही. चरकसंहितेच्या शारीरस्थानात, आठव्या अध्यायात, सातव्या महिन्यातील गर्भिणीस होणारा दाह, कंड आणि ‘किक्किस’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चिरा यांचा उल्लेख आढळतो. गर्भाला केस फुटू लागतात म्हणून मातेस दाह होतो, असा त्या काळी स्त्रियांत समज होता. तो समज नोंदवून आत्रेयांनी तो नाकारला आहे. गर्भाच्या दाबामुळे दोष उरोभागी पोहोचून दाह निर्माण करतात, दाहापासून कंड आणि कंडापासून किक्किस उत्पन्न होते, असा त्यांचा निर्वाह आहे. उपचार म्हणून औषधिसिद्ध लोणी, स्तन व उदर यांवर चंदन आणि कमलतंतूंचा लेप सांगितला असून त्वचा विद्रूप होऊ नये म्हणून खाजविण्याचा निषेध केला आहे. लोकसमजुतीची नोंद, तिचा विचारपूर्वक त्याग, पर्यायी कारणमीमांसा आणि सौम्य उपचार हा क्रम येथे लक्षात घेण्याजोगा आहे. पुढील इतिहासात हा क्रम सदैव पाळला गेला असे दिसत नाही.

२. इ. स. १८७२ : दोन नावांचा जन्म

प्रस्तुत विषयाच्या आधुनिक इतिहासात १८७२ या वर्षास विशेष महत्त्व आहे. या एकाच वर्षी दोन भिन्न नगरांत दोन भिन्न रोगांना नावे मिळाली, आणि ती दोन्ही नावे पुढे दीर्घकाळ गैरसमजास कारणीभूत झाली.

लंडनमधील सेंट जॉन्स त्वग्रोग रुग्णालयाचे संस्थापक जॉन लॉज मिल्टन यांनी आपल्या त्वग्रोगविषयक ग्रंथात गर्भावस्थेत उठणाऱ्या, तीव्र कंड असलेल्या फोडांच्या रोगास ‘हर्पीस जेस्टेशनिस’ असे नाव दिले. हा रोग त्यापूर्वी अज्ञात होता असे नव्हे. फ्रान्समध्ये ब्यूनेल यांनी १८११ मध्येच गर्भावस्थेतील अशा फोडांचे वर्णन केले होते. मिल्टन यांच्या नावातील पहिल्या शब्दाचा उगम सरपटणे या अर्थाच्या ग्रीक धातूत आहे. त्वचेवर पुंजक्यांनी उठणाऱ्या आणि पसरत जाणाऱ्या फोडांना हा शब्द त्या काळी सर्रास लावला जाई. त्या वेळी विषाणूंची कल्पनाच अस्तित्वात नव्हती. पुढे ‘हर्पीस’ हा शब्द एका विशिष्ट विषाणुकुलाशी निगडित झाला आणि ज्या रोगाचा कोणत्याही विषाणूशी काडीमात्र संबंध नाही, त्याच्या रुग्णांवर संसर्गाची छाया पडली. हा विषाणुजन्य विकार नव्हे, ही गोष्ट प्रत्येक नव्या रुग्णास समजावून सांगण्याची जबाबदारी त्यानंतरच्या वैद्यांवर येऊन पडली.

त्याच वर्षी व्हिएन्ना येथे फर्डिनांड फॉन हेब्रा यांनी अधिक भीषण अशा एका रोगाचे वर्णन प्रसिद्ध केले. हेब्रा हे व्हिएन्नाच्या त्वग्रोगविद्येच्या परंपरेचे अग्रणी. प्रसूतिगृहातील सूतिकाज्वराचा प्रसार हात धुण्याने रोखता येतो, हा सेमेलवाइस यांचा निष्कर्ष १८४७ मध्ये प्रथम छापून प्रसिद्ध करणारे तेच होत. गर्भिणी व प्रसूता यांच्या विकारांविषयी त्यांस असलेली आस्था यावरून दिसून येते. १८७२ मध्ये त्यांनी ज्या पाच गर्भवती स्त्रियांचे वृत्त दिले, त्यांच्या जांघा व मांड्यांच्या आतील बाजूस लालसर चकत्या उठून त्यांच्या कडेने पिवळट पूययुक्त पुटकुळ्यांची वर्तुळे निर्माण होत. मध्यभागी खपली धरे आणि कडेस नव्या पुटकुळ्यांची ओळ उठून रोग बाहेर पसरत जाई. त्यासोबत ज्वर, हुडहुडी आणि ग्लानी असे. या पाचांपैकी चार स्त्रिया दगावल्या. हेब्रांनी या रोगास ‘इंपेटिगो हर्पेटिफॉर्मिस’ असे नाव दिले.

हे नावही दुहेरी अर्थाने फसवे होते. ‘इंपेटिगो’ हा जंतुजन्य पूयविकार, तर ‘हर्पेटिफॉर्मिस’ म्हणजे हर्पीससदृश. वस्तुतः या पुटकुळ्यांतील पू जंतुविरहित असतो, आणि विषाणूंचाही येथे संबंध नाही. एकाच नावात दोन चुकीची सूचने एकवटली होती. तथापि हेब्रांचे वर्णन इतके रेखीव होते की, त्यानंतरच्या वैद्यांना रोग ओळखण्यास ते पुरेसे ठरले. नाव फसवे असूनही निरीक्षण अचूक असू शकते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

३. विषबाधेची कल्पना आणि तिचे परिणाम

पुढील अर्धशतकात या रोगांचे वर्गीकरण सर्वस्वी बाह्य स्वरूपावर अवलंबून राहिले. फिलाडेल्फियाचे लुई ड्यूरिंग यांनी १८८४ मध्ये ‘डर्मटायटिस हर्पेटिफॉर्मिस’ या नावाने फोड व कंड असलेल्या अनेक विकारांना एका छत्राखाली आणले. मिल्टन यांचा गर्भिणीरोग हा त्याचाच एक प्रकार असावा, असे मत त्यानंतर बराच काळ प्रचलित होते. पॅरिसमध्ये एर्न्स्ट बेस्निए यांनी १९०४ च्या सुमारास गर्भावस्थेतील फोडविरहित, खाजऱ्या, बारीक गाठींच्या विकारास ‘प्रुरिगो जेस्टेशनिस’ म्हणून वेगळे काढले. जिवंत रुग्णाच्या शरीरातील ऊतीचा तुकडा काढून तपासण्याच्या क्रियेस ‘बायॉप्सी’ हा शब्द १८७९ मध्ये बेस्निए यांनीच दिला होता. पुढे याच क्रियेच्या साहाय्याने या रोगसमूहातील गुंता सुटावयाचा होता. परंतु त्यास आणखी सत्तर वर्षे लागली.

कारणमीमांसेच्या क्षेत्रात या काळात विषबाधेच्या कल्पनेचे प्राबल्य होते. गर्भ वा वार यांतून काही विषारी द्रव्य मातेच्या रक्तात मिसळते आणि त्वचेवाटे प्रकट होते, असा तो तर्क होता. त्यास अनुसरून १९१० च्या सुमारास ट्यूबिंगेन येथे माय्यर व लिन्झर यांनी निरोगी गर्भवती स्त्रियांच्या रक्तातील लस रुग्णेस टोचण्याचा उपाय योजला. निरोगी गर्भिणीच्या रक्तात ते विष निष्प्रभ करणारे द्रव्य असावे, ही त्यामागील भूमिका होती. उपाय टिकला नाही. तरीही रोगाचे मूळ रक्तात शोधावे, ही दिशा सर्वस्वी चुकीची नव्हती, हे पुढील संशोधनाने दाखवून दिले.

या तर्काचा एक व्यावहारिक परिणाम मात्र गंभीर होता. रोगाचे मूळ गर्भात आहे असे एकदा मानले की, गर्भ काढून टाकणे हाच तर्कशुद्ध उपाय ठरतो. जेथे मातेचे प्राण खरोखर संकटात असतात, तेथे या निर्णयाचे समर्थन होऊ शकते. परंतु केवळ पुरळाच्या रूपावरून घातक व निरुपद्रवी यांचा निवाडा होत नसल्याने, हा निर्णय कोणत्या स्त्रीच्या बाबतीत अटळ आणि कोणत्या स्त्रीच्या बाबतीत अनाठायी, हे सांगण्याचे खात्रीलायक साधन वैद्याजवळ नव्हते.

४. एका संशयित रोगाचे उदाहरण

निदान निश्चित नसता उपचार निश्चित केल्यास काय घडते, याचे बोधप्रद उदाहरण विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सापडते. १९६२ मध्ये अमेरिकेत स्पँग्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘गर्भावस्थेतील पॅप्युलर डर्मटायटिस’ या नावाने एका नव्या विकाराचे वर्णन प्रसिद्ध केले. अंगभर विखुरलेल्या, अतिशय खाजऱ्या गाठी, मूत्रातील गोनॅडोट्रोपिन या संप्रेरकाचे वाढलेले प्रमाण आणि गर्भमृत्यूचा मोठा धोका ही त्याची लक्षणे सांगण्यात आली. गर्भमृत्यूचे जे प्रमाण दिले गेले, ते ऐकून कोणीही वैद्य हादरून जावा असे होते. उपचार म्हणून प्रेडनिसोनच्या मोठ्या मात्रा आणि पुढे डायएथिलस्टिल्बेस्ट्रॉल या कृत्रिम स्त्रीसंप्रेरकाचा पुरस्कार करण्यात आला.

डायएथिलस्टिल्बेस्ट्रॉल हे औषध गर्भपात टाळण्याच्या हेतूने १९४० नंतरच्या दशकांत अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर वापरले जात होते. १९७१ च्या एप्रिलमध्ये बोस्टन येथील हर्बस्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, ज्या स्त्रियांनी गर्भावस्थेत हे औषध घेतले, त्यांच्या मुलींमध्ये तारुण्यात योनिमार्गाचा एक अत्यंत विरळा कर्करोग उद्भवत होता. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने गर्भावस्थेत हे औषध न देण्याविषयी इशारा दिला.

ज्या विकारासाठी या औषधाचा पुरस्कार झाला, त्याचे पुढे काय झाले? त्वचारोगतज्ज्ञांनी त्या मूळ नोंदींची फेरतपासणी केली, तेव्हा गर्भहानीचा निष्कर्ष मोजक्या रुग्णांवर आणि त्यांच्या पूर्वीच्या गर्भावस्थांच्या वृत्तांतावर बव्हंशी आधारलेला असल्याचा आक्षेप घेण्यात आला. इतर केंद्रांत तशी गर्भहानी आढळून आली नाही. आज हा विकार स्वतंत्र रोग म्हणून मानला जात नाही; गर्भावस्थेतील निरुपद्रवी खाजऱ्या विकारांतच त्याचा समावेश केला जातो. गर्भाचे रक्षण करण्याच्या हेतूने पुरस्कारिलेले औषध गर्भासच दीर्घकालीन अपाय करणारे ठरले आणि ज्या संकटापासून रक्षण करावयाचे, ते संकट मुळात तेवढे नव्हते.

५. फोडाची पातळी आणि प्रतिपिंडांचा शोध

रूपाकडून कारणाकडे जाण्याचा मार्ग दोन स्वतंत्र शोधांनी खुला केला. त्यांपैकी पहिला ऊतिविज्ञानातील होता. बोस्टनमधील वॉल्टर लीव्हर यांनी १९५३ मध्ये फोडांच्या विकारांची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी करून एक मूलभूत भेद प्रस्थापित केला. ‘पेंफिगस’ या घातक रोगात बाह्यत्वचेच्या पेशी परस्परांपासून सुटतात आणि फोड बाह्यत्वचेच्या आतच तयार होतो. ज्यास त्यांनी ‘पेंफिगॉइड’ म्हटले, त्या रोगात मात्र अख्खी बाह्यत्वचा खालच्या थरापासून उचलली जाऊन फोड तिच्याखाली तयार होतो. वरून सारखे दिसणारे फोड खालून भिन्न असतात, हे या शोधाने सिद्ध झाले. मिल्टन यांच्या गर्भिणीरोगातील फोड बाह्यत्वचेखालचा असतो, हेही यामुळे महत्त्वाचे ठरले.

दुसरा शोध अनुस्फुरणाच्या तंत्राचा. अ‍ॅल्बर्ट कून्स यांनी १९४१ मध्ये प्रतिपिंडास चमकणारा रंग जोडून ऊतीमध्ये त्याचा ठावठिकाणा शोधण्याची पद्धत प्रसिद्ध केली होती. बफलो येथे बॉयटनर व जॉर्डन यांनी १९६४ मध्ये ही पद्धत पेंफिगसला लावली आणि रुग्णाच्या रक्तात स्वतःच्याच त्वचेविरुद्ध प्रतिपिंडे असतात, हे दाखविले. १९६७ मध्ये पेंफिगॉइडमध्येही तशी प्रतिपिंडे आढळली. ती बाह्यत्वचा व अंतस्त्वचा यांमधील आधारपटलास चिकटलेली होती.

याच परंपरेत १९७३ मध्ये प्रोव्होस्ट व टोमासी यांनी हर्पीस जेस्टेशनिसच्या रुग्णांची त्वचा तपासली. तिच्या आधारपटलावर रक्तातील ‘पूरक’ प्रथिनांपैकी तिसऱ्या घटकाची एक सलग, रेषेसारखी पट्टी चमकताना दिसली. रुग्णेच्या रक्तात असे काही द्रव्य असते की, ते निरोगी त्वचेवरही पूरक घटक जमवू शकते, हेही त्यांनी दाखविले. १९७६ मध्ये कॅट्झ व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासातून ते द्रव्य म्हणजे जी वर्गातील प्रतिपिंड असल्याचे स्पष्ट झाले. या वर्गातील प्रतिपिंडे वार ओलांडून गर्भाच्या रक्तात जातात. म्हणूनच अशा मातेच्या दर दहा अर्भकांपैकी सुमारे एकाच्या अंगावर जन्मतः किंवा जन्मानंतर लवकरच फोड दिसतात, आणि मातेकडून आलेली प्रतिपिंडे नष्ट होताच काही आठवड्यांत ते आपोआप मावळतात. ट्यूबिंगेनच्या वैद्यांना रक्तात ज्याचा संशय होता, ते द्रव्य अखेर सापडले. परंतु ते विष नव्हते आणि गर्भाकडून आलेलेही नव्हते. ते मातेच्याच प्रतिकारशक्तीचे अपत्य होते.

प्रतिपिंडांचे लक्ष्य कोणते, या प्रश्नाचे उत्तर १९८८ मध्ये मिळू लागले. १८० किलोडाल्टन रेण्वीय भाराचे एक त्वचाप्रथिन या रुग्णांच्या प्रतिपिंडांचे लक्ष्य असल्याचे दिसून आले. हे प्रथिन म्हणजे सतराव्या प्रकारचे कोलॅजन असून बाह्यत्वचा खालच्या थराशी घट्ट जोडून ठेवणाऱ्या बंधांचा तो घटक आहे. हेच प्रथिन वारेच्या व गर्भवेष्टनाच्या आधारपटलातही असते. १९८१ मध्ये शॉर्निक व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविल्याप्रमाणे, या रुग्णांत डीआर ३ व डीआर ४ हे ऊतिसंगती प्रतिजन असामान्य प्रमाणात आढळतात. पित्याकडून आलेल्या प्रतिजनांमुळे वारेत प्रतिकारप्रक्रिया सुरू होते आणि मग तिचा रोख मातेच्या त्वचेकडे वळतो, अशी आज सर्वसाधारणपणे मान्य असलेली उपपत्ती या पुराव्यांवर उभी आहे. गर्भधारणेनंतरच रोग का उद्भवतो, पुढील गर्भावस्थेत तो बहुधा अधिक लवकर व अधिक तीव्र का होतो आणि क्वचित द्राक्षगर्भातही तो का दिसतो, या प्रश्नांची उकल या उपपत्तीने बऱ्याच अंशी होते.

६. नवी नावे, नवे वर्गीकरण

कारण कळल्यावर नाव बदलणे क्रमप्राप्त होते. लंडनच्या होम्स व ब्लॅक यांनी १९८२ च्या सुमारास ‘हर्पीस जेस्टेशनिस’ ऐवजी ‘पेंफिगॉइड जेस्टेशनिस’ या नावाचा पुरस्कार केला. ज्या सेंट जॉन्स रुग्णालयाच्या संस्थापकाने जुने नाव दिले होते, त्याच संस्थेच्या परंपरेतून ते मागे घेतले गेले, ही घटना अर्थपूर्ण आहे. सुमारे ११० वर्षांनंतर रोगाच्या नावातून विषाणूची छाया दूर झाली.

त्याच सुमारास या रोगाशी सर्वाधिक घोळ होणाऱ्या विकाराचेही स्वरूप स्पष्ट झाले. १९७९ मध्ये लॉली व त्यांच्या सहकाऱ्यांनी सात रुग्णांच्या आधारे गर्भावस्थेतील खाजऱ्या गांधींचा व चकत्यांचा एक विकार वर्णिला; ब्रिटनमध्ये त्यास गर्भावस्थेतील ‘बहुरूपी पुरळ’ असे नाव रूढ झाले. तो बहुधा पहिलटकरणीस अखेरच्या आठवड्यांत होतो, उदरावरील चिरांत सुरू होतो, नाभीभोवतीची त्वचा सहसा मोकळी सोडतो आणि प्रसूतीनंतर अल्पावधीत नाहीसा होतो. पेंफिगॉइड याउलट अनेकदा नाभीभोवतीच सुरू होतो आणि प्रसूतीच्या वेळी किंवा लगेच नंतर पुन्हा उफाळतो. तथापि फोड येण्यापूर्वी दोन्ही विकार गांधींच्याच रूपात दिसत असल्याने केवळ डोळ्यांनी भेद करणे धोक्याचे ठरते. अशा वेळी फोडाजवळच्या त्वचेचा लहानसा तुकडा अनुस्फुरण पद्धतीने तपासला जातो. आधारपटलावर पूरक घटकाची रेषा दिसल्यास पेंफिगॉइड, न दिसल्यास बहुरूपी पुरळ, असा निवाडा होतो.

हा निवाडा केवळ शास्त्रीय समाधानासाठी नव्हे. बहुरूपी पुरळाचा गर्भावर परिणाम होत नाही. मातेस कंडापासून आराम देणे एवढेच कर्तव्य उरते. पेंफिगॉइडमध्ये मात्र अकाल प्रसूती व गर्भाची अपुरी वाढ यांचा संभव असतो. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चि व त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासानुसार, पहिल्या किंवा दुसऱ्या त्रैमासिकात सुरू झालेला आणि फोड असलेला रोग या धोक्याचा सूचक असतो. म्हणून अशा गर्भिणीवर प्रसूतितज्ज्ञाची अधिक बारीक देखरेख आवश्यक ठरते.

उपचाराच्या दृष्टीने निर्णायक पालट घडविला तो कॉर्टिसोनने. मेयो क्लिनिकमध्ये हेंच व केंडॉल यांच्या पुढाकाराने १९४८ मध्ये हे संप्रेरक संधिवाताच्या रुग्णास प्रथम देण्यात आले, आणि अल्पावधीतच फोडांच्या विकारांत त्याचा उपयोग होऊ लागला. आज सौम्य रोगात त्वचेवर लावण्याच्या स्टेरॉइड मलमांनी भागते. तीव्र रोगात प्रेडनिसोलोन पोटात द्यावे लागते. वारेतील एक विकर या औषधाचा बराचसा भाग निष्क्रिय करतो, त्यामुळे गर्भापर्यंत त्याचा अल्पांशच पोहोचतो. गर्भावस्थेत या औषधास पसंती मिळण्याचे हे एक महत्त्वाचे कारण होय.

२००६ मध्ये अँब्रोस-रूडॉल्फ, ब्लॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्रात्स व लंडन येथील ५०५ गर्भिणींच्या नोंदींचा अभ्यास करून नवे वर्गीकरण मांडले. त्यांत सुमारे निम्म्या स्त्रियांना इसबाच्या प्रवृत्तीतून उद्भवणारा विकार होता. बहुरूपी पुरळ सुमारे २२ टक्के, पेंफिगॉइड सुमारे ४ टक्के आणि पित्तरोधजन्य कंड ३ टक्के असे इतर प्रमुख विकारांचे प्रमाण होते. बेस्निए यांचा प्रुरिगो आणि स्पँग्लर यांचा डर्मटायटिस हे दोन्ही इसबप्रवण गटात विलीन झाले. मोठा गट निरुपद्रवी आणि लहान गट धोक्याचा, असे हे चित्र आहे. या लहान गटास मोठ्या गटातून वेळीच निवडून काढणे हेच निदानाचे सार होय.

७. पुरळाविना कंड

या लहान गटातील एक विकार असा आहे की, ज्यात मूळचा पुरळच नसतो. तळहात व तळपायांस सुरू होणारा, रात्री वाढणारा कंड आणि खाजविल्याच्या ओरखड्यांखेरीज त्वचेवर काहीही नाही, असे त्याचे रूप असते. दिसण्यासारखे काही नसल्यामुळे ही तक्रार क्षुल्लक समजली जाण्याचा धोका येथे सर्वाधिक. जर्मनीत आल्फेल्ड यांनी १८८३ मध्ये गर्भावस्थेत पुनःपुन्हा होणाऱ्या काविळीची नोंद केली होती. १९५४–५५ मध्ये स्वीडनमधील स्वानबोर्ग व थोर्लिंग यांच्या अभ्यासांनी या यकृतविकाराचे स्वरूप निश्चित झाले. पित्ताचा प्रवाह मंदावून पित्ताम्ले रक्तात साठतात. मातेस त्याचा त्रास कंडापुरताच असतो. धोका असतो तो गर्भास.

धोका किती आणि कोणास, हे मात्र दीर्घकाळ अनिश्चित होते. २०१९ मध्ये ओव्हाडिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक देशांतील माहिती एकत्र करून दाखविले की, एकच गर्भ असताना मातेच्या रक्तातील पित्ताम्ले दर लिटरला ४० मायक्रोमोलपेक्षा कमी असल्यास मृतजन्माचे प्रमाण ०.१३ टक्के, ४० ते ९९ असल्यास ०.२८ टक्के, आणि १०० किंवा अधिक असल्यास ३.४४ टक्के असते. म्हणजेच धोका सर्वांस सारखा नसून तो मुख्यतः अखेरच्या गटात एकवटलेला आहे. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या ६०५ स्त्रियांवरील ब्रिटिश चाचणीत अर्सोडिऑक्सिकोलिक अ‍ॅसिड या रूढ औषधाने अर्भकांच्या बाबतीतील दुष्परिणाम कमी होत नसल्याचे आढळले. त्यामुळे रक्ततपासणी आणि तीवरून ठरविलेली प्रसूतीची वेळ यांस पूर्वीपेक्षा अधिक महत्त्व आले. येथे त्वचेची तक्रार ही यकृताची सूचना असते. ती ऐकून रक्त तपासावयाचे की केवळ मलम द्यावयाचे, या एका निर्णयावर गर्भाचे जीवित अवलंबून राहू शकते.

८. हेब्रांच्या रोगाचे उत्तरचरित्र

हेब्रांनी वर्णिलेल्या घातक रोगाचे स्थान निश्चित होण्यास सर्वाधिक काळ लागला. १९१० मध्ये लेओ फॉन झुंबुश यांनी सोरायसिसच्या रुग्णांत उद्भवणाऱ्या अंगभर पुटकुळ्यांच्या तीव्र विकाराचे वर्णन केले. हेब्रांचा रोग हे त्याचेच गर्भावस्थेतील रूप आहे की स्वतंत्र विकार आहे, याविषयी त्यानंतर अनेक दशके वाद चालला. हा रोग झालेल्या अनेक स्त्रियांस सोरायसिसचा पूर्वेतिहास नसतो आणि प्रसूतीनंतर तो बहुधा ओसरतो, हे मुद्दे स्वतंत्रतेच्या बाजूने मांडले जात. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही सारखेच दिसतात, हा मुद्दा विरुद्ध बाजूचा.

२०११ मध्ये या वादास नवे वळण मिळाले. अंगभर पुटकुळ्यांच्या सोरायसिसने ग्रस्त अशा ट्युनिशियातील काही कुटुंबांच्या अभ्यासातून, इंटरल्यूकिन-३६ या दाहकारक द्रव्यास आवर घालणाऱ्या प्रथिनाच्या जनुकात दोष असल्याचे आढळून आले. पुढील काही वर्षांत तोच जनुकदोष हेब्रांच्या रोगाच्या काही रुग्णांतही दिसून आला. परिणामी, हा गर्भावस्थेतील पुटकुळ्यांचा सोरायसिस होय, हे मत आज प्रबळ झाले आहे. २०२२ मध्ये अमेरिकेत स्पेसोलिमॅब या, इंटरल्यूकिन-३६ च्या ग्राहीस रोखणाऱ्या औषधास या प्रकारच्या सोरायसिसच्या उद्रेकासाठी मान्यता मिळाली.

ज्या रोगात हेब्रांच्या पाचांपैकी चार रुग्णा दगावल्या, त्यात आता मातेचा मृत्यू विरळा झाला आहे. स्टेरॉइड व सायक्लोस्पोरिन यांसारखी औषधे, शरीरातील द्रव व क्षार यांचे संतुलन, रक्तातील कॅल्शियमवर लक्ष आणि दुय्यम जंतुसंसर्गाचा प्रतिबंध यांमुळे हे साध्य झाले. सोरायसिसवरील मेथोट्रेक्सेट व अ‍ॅसिट्रेटिन ही औषधे मात्र गर्भावस्थेत सर्वथा वर्ज्य असल्याने येथेही अचूक निदानाबरोबर गर्भाचे भान ठेवावे लागते. वार अकार्यक्षम झाल्याने मृतजन्माचा संभव अद्यापि टळलेला नाही. यास्तव गर्भाच्या प्रकृतीवर सतत लक्ष ठेवणे हा उपचाराचाच भाग मानला जातो.

९. उपसंहार

येथवर केलेल्या विवेचनावरून काही गोष्टी स्पष्ट होतात. पहिली ही की, रोगाचे नाव हे केवळ संबोधन नसते. त्यात कारणाविषयीचा एक तर्क दडलेला असतो आणि उपचार त्या तर्काच्या मागोमाग जातात. दुसरी ही की, या क्षेत्रातील प्रगती नवीन औषधांच्या शोधाइतकीच भेदाच्या शोधामुळे झाली. फोड कोणत्या पातळीवर आहे, आधारपटलावर रेषा आहे की नाही, रक्तातील पित्ताम्ले किती आहेत, या तीन प्रश्नांच्या उत्तरांनी कोणत्या गर्भिणीस धीर द्यावयाचा आणि कोणत्या गर्भिणीची अहोरात्र काळजी वाहावयाची, हे ठरविता येऊ लागले.

तिसरी गोष्ट भारतीय वैद्यकास विशेष विचारात घेण्याजोगी आहे. या रोगांची अभिजात वर्णने व्हिएन्ना, लंडन, पॅरिस आणि अमेरिकेतील नगरे येथील गौरवर्णीय रुग्णांवरून रचली गेली. त्यांत ज्या लालीचा वारंवार उल्लेख येतो, ती सावळ्या वा काळ्या त्वचेवर अस्पष्ट, कधी जांभळट तर कधी करडी दिसते. ग्रंथातील वर्णन जसेच्या तसे शोधू जाता रोग नजरेतून सुटण्याचा संभव असतो. यास्तव फोडांची मांडणी, नाभीभोवतालची त्वचा, तळहातांचा कंड, गर्भावस्थेचा महिना आणि पूर्वीच्या बाळंतपणांचा वृत्तांत या खुणांना आपल्याकडे अधिक महत्त्व द्यावयास हवे. आत्रेयांनी स्त्रियांचे म्हणणे प्रथम नोंदविले आणि मगच त्याची परीक्षा केली. गर्भिणीच्या कंडाची तक्रार ऐकून घेणे आणि ती क्षुल्लक आहे की नाही, हे तपासणीअंती ठरविणे, हाच या इतिहासाचा व्यावहारिक निष्कर्ष म्हणता येईल.